उन्हाळ कांद्याचा हिशेब

निफाड तालुक्यात, पालखेडच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर, दोन चुलतभावांची शेतं बांधाला बांध लागून आहेत. थोरल्याला सगळं गाव तात्या म्हणतं, धाकटा किसन. गोष्टीतली माणसं माझी. बाजार, पाऊस आणि दिल्लीचे हुकूम मात्र जसे झाले तसेच ठेवलेत. त्यांत हात घालायची गरजच पडली नाही. कांद्याच्या बाजारापुढे गोष्टी रचणाऱ्याची अक्कल तशीही तोकडीच पडते.

2018च्या दिवाळीत दोघांनी एकाच डब्यातलं घरचं बी घेऊन रोपांसाठी उळे टाकलं. साल दुष्काळाचं होतं. येवल्याकडच्या विहिरींनी तळ दाखवला होता. त्यात चाळीत साठवलेल्या जुन्या कांद्याला क्विंटलमागे दोनशे रुपये देतानाही व्यापारी तोंड फिरवत होते, त्यामुळे पुष्कळांनी त्या वर्षी कांद्याचा नाद सोडला. या दोघांनी दोन-दोन एकर लावला, कारण पाटाला निदान दोन-तीन आवर्तनं मिळतील अशी आशा होती, आणि दुसरं काही पिकवायची हाताला सवय नव्हती.

उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने टिकतो, पण तो टिकणार की सडणार हे शेतातच ठरतं. लागवडीनंतर साठ दिवस उलटले की युरियाच्या गोणीकडे बघायचं नाही. युरियाने कांदा फुगतो, काट्यावर वजन दिसतं, आणि श्रावणात चाळीतून पाणी गळायला लागतं. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की उपटायला घ्यायचं. उपटलेला कांदा असा पसरायचा, की पुढच्या ओळीच्या पातीखाली मागच्या ओळीचा कांदा झाकला जावा. ऊन पातीने खायचं, कांद्याने नाही. तीन-चार दिवसांनी पात कापायची, तीही इंच-दीड इंच मान ठेवून. मान आखूड झाली की तिथूनच बुरशी आत शिरते.

तात्या कापणीच्या बायकांमागे आगपेटीतली काडी घेऊन फिरायचा. कापलेला कांदा उचलायचा, मानेला काडी लावून बघायचा आणि आखूड निघाला तर नाव घेऊन ओरडायचा. बांधापलीकडे किसनची बायको लता काडीबिडी न लावता कापत बसायची. तात्याने एकदा मुद्दाम तिच्या ढिगातले चार कांदे उचलून मोजले, आणि काही न बोलता परत ठेवले.

एकरी एकशेवीस क्विंटलच्या आसपास माल दोघांचाही निघाला. त्यांच्या खालच्या अंगाला बबनचं शेत. त्याने शेवटच्या आठवड्यापर्यंत पाणी आणि युरिया दोन्ही चालू ठेवलं होतं. त्याला एकरी एकशेचाळीस पडला, आणि तो आठ दिवस गावात मिशीला पीळ देत हिंडला.

इथवर दोन्ही भावांची कहाणी एकच. पुढे ती फुटली.

तात्याचा मुलगा पोलिसात लागला होता. त्याच्या पगारातून तात्याने पक्की चाळ उभारली होती: जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून-बाजूंनी वारा खेळणारी, वर पत्रा. किसनकडे कुडाचा आडोसा होता, पहिल्या पावसात ठिबकणारा. पण चाळ हे अर्धंच कारण. सोसायटीचे एक लाख वीस हजार जूनअखेर भरायचे होते, नाहीतर व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. कृषी सेवा केंद्राची पंचेचाळीस हजारांची उधारी होती. वर वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात किसनने सगळा माल ट्रॉल्यांत भरला आणि लासलगावला नेला.

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, कुणी कांदा दाबून बघतो, कुणी फोडून वास घेतो, बोली चढते, अर्ध्या मिनिटात चार महिन्यांचा निकाल लागतो आणि घोळका पुढे जातो. किसनच्या दोनशे चाळीस क्विंटलला 850चा भाव पडला. दोन लाख चार हजार. हमाली-तोलाई जाऊन जे हातात आलं ते संध्याकाळपर्यंत तीन ठिकाणी वाटून संपलं.

तात्याने कांदा चाळीत भरला आणि थांबला.

त्या वर्षी थांबणाऱ्याला काय मिळालं, ते नाशिक जिल्ह्यात अजून सांगतात. उन्हाळ कांद्याची लागवडच कमी झालेली, त्यामुळे ऑगस्टपासून भाव वर सरकू लागला. 29 सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी घातली, व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा आणली; चार दिवस भाव दबला. मग दसरा झाला, दिवाळी झाली, तरी पाऊस जाईना. अरबी समुद्रात एकामागून एक दोन वादळं उठली. नवा लाल कांदा शेतातच सडला. बाजारात मालच नाही म्हटल्यावर चाळीतल्या जुन्या कांद्याने नोव्हेंबरात पाच हजार ओलांडले, आणि डिसेंबरात काही बाजारांत लाल कांदा दहा हजारांच्या पुढे गेला. तात्याच्या दोनशे चाळीसातले घट-सड जाऊन एकशे पासष्ट क्विंटल उरले होते. 5,300ने गेले. आठ लाख साडेचौऱ्याहत्तर हजार.

बबनचं काय झालं, हेही सांगायला हवं. ऑगस्टातच त्याच्या चाळीला वास सुटला. भाव पाच हजारांवर गेला तेव्हा तो सडका कांदा फावड्याने उकिरड्यावर ओढत होता. लक्ष्मी दारात आली, पण तिला द्यायला बबनच्या घरात कांदाच नव्हता.

तात्याने बंगला बांधला. नाव दिलं ‘श्रमसाफल्य’. महाराष्ट्रात या नावाचे बंगले किती असतील देव जाणे. ‘दैवसाफल्य’ नावाचा मी तरी एकही पाहिलेला नाही. जानेवारीत तालुक्याच्या एका कॉलेजात त्याचं भाषण ठेवलं गेलं. शाल, श्रीफळ, मागे फ्लेक्स. तात्या बोलायला चांगला. त्याने आगपेटीची काडी खिशातून काढून दाखवली, टाळ्या घेतल्या आणि शेवटी म्हणाला, “पोरांनो, कष्ट सगळेच करतात. पण थांबायला छाती लागते. माझ्या शेजारच्याने मेमध्ये घाई केली, मी नोव्हेंबरपर्यंत दम धरला. एवढाच फरक.”

पोरांत अकरावीतली मनीषा बसली होती. किसनची मुलगी. तिने घरी येऊन आईला सगळं सांगितलं. लता भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि मग नेहमीपेक्षा जोरात चालू लागला.

गावात मात्र निकाल लागून गेला होता. तात्या हुशार, किसन कमनशिबी. किसनला कुणी आळशी म्हणू शकत नव्हतं, म्हणून नशिबाचं नाव पुढे आलं. जिंकलेल्याच्या तोंडी कष्ट आणि हरलेल्याच्या तोंडी नशीब ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे, आणि दोघांनाही ती सोयीची वाटते.

त्या साली सप्ताहात कीर्तनकारबुवांनी गीतेचा अठरावा अध्याय घेतला. कुठल्याही कर्माला पाच कारणं: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली, आणि पाचवं दैव. उतरत्या रात्री मांडवातून घरी येताना तात्या म्हणाला, “बघा, पाचांत दैव एकच. म्हणजे वीस टक्के. ऐंशी टक्के माणसाच्या हातात.”

त्याची आई, घरातली सगळ्यांची थोरली आई, काठी टेकत मागून चालत होती. ती म्हणाली, “आणि पहिलं काय सांगितलं बुवांनी? अधिष्ठान. जमीन. ती तू मिळवलीस? तुझ्या आज्याने पाटालगत घेतली म्हणून तुला पाणी. दोन कोस पलीकडे घेतली असती, तर काडी घेऊन काय दगडाच्या माना मोजल्या असत्यास?”

सगळे हसले. तात्याही हसला, पण टक्क्यांचा हिशेब त्याने पुन्हा काढला नाही.

मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद, मनीषा घरी. सरकारने महाडीबीटी पोर्टलवर शेतीच्या योजनांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिने कांदाचाळीसाठी वडिलांचा अर्ज भरायला घेतला. सातबारा, आठ अ, पीकपेरा, बँकेचं पासबुक. कागद शोधताना माळ्यावरची तार खाली आली. शेतकऱ्याच्या घरात ही तार असतेच: एका टोकाला आकडा, आणि तिला टोचलेल्या वर्षानुवर्षांच्या हिशेबपट्ट्या. खालच्या पिवळ्या पडलेल्या, वरच्या ताज्या. थोरली आई म्हणाली, आमच्याही घरची घेऊन जा, वेळ आहे तर दोन्ही लिहून काढ.

मनीषाने दहा वर्षांचा माल वहीवर उतरवला. एकरी उतारा काढला, तर दोन्ही घरांत चार-पाच क्विंटलचं अंतर. एखाद्या वर्षी किसनच पुढे. फरक तारखांत होता. किसनच्या पट्ट्या एप्रिल, मे, फार तर जूनच्या. तात्याच्याही सुरुवातीच्या पट्ट्या मेच्याच. 2016पासून त्या एकदम ऑगस्टच्या पुढच्या झाल्या होत्या. त्याच सालचं दुसरं एक बिल तारेला टोचलेलं होतं: चाळीच्या पत्र्याचं आणि अँगलचं. पोरगा नोकरीला लागला ते साल.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. थांबणाऱ्याला दर वर्षी जास्त मिळालं होतं असंही नाही. 2018ला तात्या डिसेंबरपर्यंत थांबला होता आणि मेच्या भावाच्या निम्म्यातही त्याचा माल गेला नव्हता. त्या वर्षाची पट्टी त्याने टोचलेली होती, पण भाषणात ती आली नव्हती.

ती वही घेऊन तात्याच्या ओट्यावर गेली. वय सतराचं, त्या वयात माणसाला पाडव्याच्या दिवशीही खरं बोलायची भीती वाटत नाही.

“तात्या, बाबांनी घाई केली नव्हती.”

“मग काय केलं?”

“त्यांना एक लाख पासष्ट हजार कमी पडत होते. सोसायटी आणि उधारी मिळून. तेवढे कुणी सहा महिने दिले असते, तर निम्मा माल तरी राहिला असता. चाळ तुमची होती. एक कप्पा रिकामा होता त्या वर्षी, आजी सांगते.”

तात्या बराच वेळ वही चाळत राहिला. मग म्हणाला, “त्याने मागितले का?”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही विचारलं का?”

तात्याने वही मिटून परत दिली. “आकडेमोड चांगली आहे तुझी. ॲग्रीला जा.” एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्या बोलण्यात राग होता की कौतुक, हे मनीषाला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

अर्ज भरणं हातात होतं, चाळ मिळणं नव्हतं. लाभार्थी सोडत काढून निवडत. गावातून चाळीसाठी खूप अर्ज गेले होते. सोडतीत किसनचं नाव निघालं. पंचवीस टनांची चाळ, टनामागे साडेतीन हजार अनुदान, म्हणजे साडेसत्याऐंशी हजार. पण आधी बांधायची, फोटो काढायचे, मोजणी व्हायची, मग पैसे. नाव निघूनही गावातल्या दोघांना हाताशी पैसा नसल्याने चाळ बांधताच आली नाही. त्यांचं नशीब उघडलं होतं, तेवढं पुरलं नाही. किसनला लताच्या भावाने सहा महिन्यांसाठी बिनव्याजी पैसे दिले. मेहुण्याने ते किसनच्या कष्टाकडे बघून दिले की बहिणीच्या चेहऱ्याकडे, हे विचारू नये.

2023चा उन्हाळा वाईट गेला. फेब्रुवारी-मार्चात भाव पाच-सहाशेवर आला. सोलापूरकडे एका शेतकऱ्याला दहा गोण्यांचे दोन रुपये मिळाले, त्या चेकचा फोटो देशभर फिरला. राज्य सरकारने क्विंटलमागे साडेतीनशेचं अनुदान जाहीर केलं. एप्रिलात अवकाळी आणि गारा. अशा वेळी तात्याला आपली 2019ची पट्टी आठवली. त्याने बँकेचं कर्ज काढून दुसरी चाळ उभी केली आणि आजूबाजूच्या अडलेल्या शेतकऱ्यांकडून आठशेच्या भावाने तीनशे क्विंटल कांदा विकत घेऊन भरला. “मंदीत भरायचं, तेजीत काढायचं. त्याला छाती लागते,” हे वाक्य आता त्याच्या तोंडी रुळलं होतं.

भाव चढला, अगदी त्याच्या म्हणण्याप्रमाणे. 19 ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली. तरी दसऱ्यानंतर कांदा पुन्हा उसळला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेचार हजारांच्या पुढे बोली जाऊ लागली.

27 तारखेला, शुक्रवारी, किसनने नव्वद क्विंटल काढले. त्याने भाव ओळखला होता, असं गाव आज सांगतं. खरं कारण वेगळं होतं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि मनीषाच्या बी.एस्सी. ॲग्रीच्या फीचा हप्ता द्यायचा होता. गुरुवारीच न्यायचा विचार होता, पण ट्रॅक्टरवाला म्हणाला उद्या येतो. तो शनिवारी येतो म्हणाला असता, तर किसन शनिवारी गेला असता. नव्वद क्विंटलला 4,650 पडले.

त्याच ट्रॅक्टरमागे तात्या मोटारसायकलवर बाजारात गेला होता, नुसता भाव बघायला. किसन म्हणाला, “दादा, थोडा तरी काढा.” तात्याने मान हलवली. “अरे, 2019ला ऑक्टोबरात काय होता आणि डिसेंबरात काय झाला? अजून खरी तेजी यायचीय.”

शनिवारी, 28 ऑक्टोबरला, संध्याकाळी हुकूम निघाला: टनाला 800 डॉलरच्या खाली कांदा परदेशी पाठवायचा नाही. पुढच्या लिलावांत भाव घसरला. तात्या म्हणाला, दबेल आणि परत उठेल, 2019लाही असंच झालं होतं. ते खरंही होतं. त्या वर्षी असंच झालं होतं. पण त्या वर्षी लाल कांदा पावसाने खाल्ला होता, आणि या वर्षी तो शेतात उभा होता. नोव्हेंबरात चाळीतल्या कांद्याला कोंब फुटायला लागले. तात्या रात्री बॅटरी घेऊन चाळीच्या फटींतून आत बघायचा. काडी लावून कापलेल्या माना होत्या, दोष कुठेच नव्हता; कांद्याचं आयुष्यच संपत आलं होतं. विकत घेतलेल्या मालाच्या माना कुणी मोजल्या होत्या, तो तर खालून काळा पडायला लागला होता.

8 डिसेंबरला निर्यातबंदी झाली. चांदवडला महामार्ग अडवला गेला, बाजार समित्या बंद राहिल्या. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा तात्याने कोंब खुडून, निवडून, दोनशे नव्वद क्विंटल नेले. व्यापाऱ्याने एक कांदा फोडला, आतला हिरवा कोंब अंगठ्याने बाहेर काढून तात्याला दाखवला आणि तो जमिनीवर टाकून पुढे गेला. शेवटी 1,450 पडले.

माणूस तोच. काडी तीच, चाळ उलट एक जास्तच, आणि छातीही तेवढीच. गावाने मात्र शब्द बदलले. आता तात्या हावरट होता, आणि किसनला बाजाराची नस कळत होती. कॉलेजातल्या सरांचा किसनला फोन आला, यंदा तुम्ही या बोलायला. किसन म्हणाला, “माझ्याऐवजी ट्रॅक्टरवाल्याला बोलवा, तारीख त्याने ठरवली.” सरांना हा विनय वाटला.

दोन भावांत त्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. किसन मुद्दाम काही बोलत नव्हता आणि तेच तात्याला जास्त लागत होतं. पण त्याच्या आधीच, 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, निफाडला गारपीट झाली होती. द्राक्षाच्या बागा झोपल्या. गारांचा पट्टा विळ्याने कापावा तसा येतो; तो किसनच्या उळ्यावरून गेला आणि बांधाच्या अलीकडे थांबला. सकाळी किसनच्या वाफ्यांत हिरवा चिखल होता, तात्याच्या वाफ्यांत रोपं उभी.

पुन्हा उळे टाकायला आता वेळ उरला नव्हता, आणि लागवडीच्या तोंडाला रोपाला मागेल ती किंमत मिळते. तात्याला त्या वेळी पैशाची किती गरज होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नव्या चाळीचा हप्ता थकला होता. रोप घ्यायला विंचूरहून एक माणूस गाडी घेऊन आला होता. थोरल्या आईने त्याला चहा दिला आणि काही बोलली नाही. तात्या चहा होईपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मग त्या माणसाला म्हणाला, “अर्धंच देता येईल. अर्धं बांधापलीकडे जायचंय.”

किसनने रोपाचे पैसे विचारले तेव्हा तात्या खेकसला, “कांदा निघू दे आधी.”

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. भाऊ भावाला रोप देतो, त्यात नवल काय? पण एप्रिलात, काढणी चालू असताना, सोमनाथ आला. सोमनाथ म्हणजे वाटेकरी. दुसऱ्याचं एक एकर निम्म्याने करायचा, आणि काढणीच्या टोळीत बायकोसह मजुरीलाही यायचा. त्याच्या वाट्याला साठ क्विंटल आला होता. निर्यातबंदी अजून उठायची होती, बाजारात बाराशेचा भाव. पोराच्या आयटीआयच्या प्रवेशाला आणि दुकानाच्या उधारीला मिळून चाळीस हजार हवे होते, म्हणून सगळा माल उद्याच्या उद्या न्यायचा म्हणत होता, आणि किसनच्या ट्रॉलीत जागा आहे का ते विचारायला आला होता.

किसनने बांधावरून तात्याला हाक मारली. तात्या आला. त्याने सोमनाथच्या ढिगातला एक कांदा उचलला, सवयीने खिशात हात घातला, काडी काढली, मानेला लावली. दुसरा उचलला. तिसरा.

“माझी नवी चाळ रिकामी आहे,” तात्या म्हणाला. “हप्ते मात्र तिचे चालू आहेत. एक कप्पा घे. भाडं नको.”

“तात्या, चाळीचं ठीक. पण चाळीस हजार?”

तात्याने किसनकडे बघितलं. किसन म्हणाला, “वीस मी देतो.”

“माझ्याकडे आत्ता वीस नाहीत,” तात्या म्हणाला. असं तो चारचौघांत पहिल्यांदाच म्हणत असावा. “दहा आहेत. दहाचा माल उद्या ने, बाकीचा भर. पैसे विकल्यावर दे. व्याज नको. पण एक आहे, कधी काढायचा ते मी सांगणार नाही. मला विचारूही नको. मला त्यातलं कळत नाही.”

“मग कसं ठरवायचं?”

सुट्टीला आलेली मनीषा टोपलीवर बसून पात कापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “एकदम नाही काढायचा. जूनपासून दर महिन्याला थोडा. चांगला भाव चुकेल, पण वाईटही सगळा नाही लागणार.”

सोमनाथ डोकं खाजवत उभा राहिला. गरीब माणसाला मदतीपेक्षा मदतीची अट आधी शोधावी लागते. “आणि सडला तर? सड कुणाची?”

हा प्रश्न खरा होता. चाळीत भरलेल्या शंभरातले तीस-पस्तीस क्विंटल कुठे जातात हे नाशिक जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

“अर्धी तुझी,” तात्या म्हणाला, “अर्धी आमची दोघांची. ती पैशातून वजा धर.”

“तोंडी नको,” लता म्हणाली. ती सगळा वेळ गप्प होती. “मनीषा, वहीत लिहून घे. तिघांच्या सह्या घे. आणि तात्या, सोमनाथची बायको आखूड कापतेय तिकडे. आधी तिला जाऊन काडी दाखवा.”